मोठ्या अपघातात सेवाभावी संस्थांनी नेमकं कुठे उभं राहायचं?

प्रश्न असा आला आहे: "आम्ही दक्षिण नागपुरातल्या एका मंडळाचे साठेक कार्यकर्ते आहोत. गणपती, रक्तदान शिबिर, उन्हाळ्यात पाणपोई असं काम करतो. उद्या ट्रॅव्हल्स, रेल्वे किंवा विमानाचा मोठा अपघात झाला आणि शेकड्याने जखमी आले, तर पोलीस, अग्निशमन आणि दवाखाने यांच्या जोडीला आमच्यासारख्यांनी काय करायचं? थोडे पैसे जमले आहेत, त्यातून रुग्णवाहिका घ्यावी का?"

माझी बहुतेक नोकरी विदर्भातल्या सरकारी दवाखान्यांत समाजसेवा अधीक्षक म्हणून झाली. रुग्णांचे नातेवाईक आम्हाला 'एमएसडब्ल्यू मॅडम' म्हणतात. बेवारस रुग्ण, पैशाविना अडलेलं ऑपरेशन, मर्च्युरीबाहेर बसलेलं कुटुंब, हे आमचं खातं. त्यामुळे माझं उत्तर डॉक्टरच्या किंवा अग्निशमन अधिकाऱ्याच्या उत्तरापेक्षा वेगळं असेल. माझ्या मते अपघातस्थळी तुमची गरज सगळ्यात कमी असते. दवाखान्याच्या गेटपासून पुढे ती वाढत जाते आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी सर्वांत जास्त असते. बहुतेक संस्था नेमक्या उलट वागतात.

1 जुलै 2023 ची पहाट आठवा. नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी ट्रॅव्हल्स समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ उलटली, पेटली आणि 25 जण गेले. अपघात बुलढाणा जिल्ह्यात, इथून तीनशे किलोमीटरपेक्षा दूर. पण घरं बहुतेक नागपूर, वर्धा, यवतमाळकडची. आग बुलढाण्याने विझवली, पंचनामा तिथल्या पोलिसांनी केला. इकडे मात्र आईबापांना "आमचा पोरगा त्याच गाडीत होता का?" एवढंच विचारायचं होतं आणि कोणाला विचारायचं ते कळत नव्हतं. म्हणून 'नागपुरातला अपघात' असा विचार करून तयारी करू नका. नागपूरच्या माणसांचा अपघात कुठेही होऊ शकतो. आणि राष्ट्रीय महामार्ग 44 व 53 इथे एकमेकांना छेदतात, त्यामुळे परक्या राज्यातल्या माणसांचा अपघात आपल्या दारात होऊ शकतो. दोन्हीला लागणारं काम निरनिराळं आहे.

आधी मालक कोण ते समजून घ्या. आपत्ती व्यवस्थापन कायदा, 2005 प्रमाणे जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात. त्यांच्या नियंत्रण कक्षाचा क्रमांक 1077. पोलीस, आरोग्य, आरटीओ, एसटी, महापालिका, सगळ्यांचं एकत्र सूत्र तिथून हलतं किंवा हलायला हवं. घटनास्थळी गाडीचा सांगाडा अग्निशमन दलाच्या ताब्यात असतो. त्यांनी "आत या" म्हणेपर्यंत आत जायचं नाही. डिझेल गळत असतं, बॅटरीच्या तारा जिवंत असतात, काचा असतात. घेरा आणि रस्ता पोलिसांचा. जखमींची वर्गवारी आणि कोणाला कुठे पाठवायचं हे 108 चे डॉक्टर आणि जिल्हा शल्यचिकित्सकांची माणसं ठरवतात. राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची तुकडी नागपुरात आहे. राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालयही आहे, पण त्याच्या भरवशावर राहू नका. ती शिकवणारी संस्था आहे, शहराचा अग्निशमन विभाग वेगळा.

रेल्वेचं घर पूर्ण निराळं. नागपुरात दोन विभाग आहेत. वर्धा, बल्लारशा, आमल्याकडची लाइन मध्य रेल्वेची, इतवारीहून गोंदिया-दुर्गकडची दक्षिण पूर्व मध्य रेल्वेची. अपघात कोणाच्या लाइनवर झाला यावर नियंत्रण कक्ष, हेल्पलाइन आणि दवाखाना ठरतो, म्हणून पहिला प्रश्न तोच विचारायचा. रेल्वेची वैद्यकीय मदतगाडी आणि क्रेनची गाडी कायम सज्ज असते, मदतगाडी सुटायची वेळ मिनिटांत बांधलेली आहे. विमानतळावर तर संस्थांना आत प्रवेशच नाही, आणि ते बरोबरच आहे. मोठ्या विमानतळांना दर दोन वर्षांच्या आत पूर्ण रंगीत तालीम करावी लागते. तिथे बाहेरच्या दवाखान्यांना आणि संस्थांना बोलावतात. बोलावलं तर जा. नुसतं उभं राहून बघितलं तरी गेटवर गाड्या कशा अडतात ते कळतं.

अपघात तुमच्या डोळ्यांसमोर झाला तर गोष्ट वेगळी. तेव्हा तुम्ही संस्था नसता, रस्त्यावरचा माणूस असता. रक्त वाहतंय तिथे कापड घट्ट दाबून धरा. भाजलेल्यावर साधं पाणी वीसेक मिनिटं ओता, टूथपेस्ट किंवा हळद लावू नका. आग किंवा गाडी कोसळायची भीती नसेल तर मान-पाठ दुखावलेल्याला ओढून काढू नका. मदत केली म्हणून पोलीस तुम्हाला अडकवू शकत नाहीत. मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीने कलम 134-अ आलं, त्यात हे संरक्षण स्पष्ट आहे. नाव सांगायची सक्तीही नाही. समृद्धीवर एक अडचण वेगळी आहे. दोन्ही बाजूंनी कुंपण असल्याने शेजारच्या गावातला माणूस सहज चढू शकत नाही, आणि चुकीच्या बाजूने वाहन घातलं तर दुसरा अपघात. इंटरचेंजवरून, पोलिसांना सांगूनच जा.

आता एक गोष्ट सांगते, जी कॅज्युअल्टीत काम केलेल्या प्रत्येकाला माहीत असते आणि बाहेर कोणाला पटत नाही. मोठ्या अपघातात दवाखान्यात आधी पोहोचतात ते कमी जखमी. ते चालू शकतात, कोणाच्या तरी टेम्पोत, ट्रकमध्ये बसतात आणि थेट 'मेडिकल', म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय, गाठतात. अडकलेले, बेशुद्ध, आतून रक्त वाहणारे मागून येतात. ते येईपर्यंत बेड, टाके घालायच्या खोल्या, एक्स-रे, सगळं खरचटलेल्यांनी भरलेलं असतं. सद्भावनेने गाडी काढणाऱ्या तरुणांमुळेच हे होतं. त्यामुळे गाडी काढायचीच असेल तर घटनास्थळाच्या डॉक्टरला विचारून, हिरवी चिठ्ठी मिळालेल्यांना जवळच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा खासगी दवाखान्यात न्या. लाल चिठ्ठीवाल्यांसाठी ट्रॉमा सेंटर, मेयो (इंदिरा गांधी शासकीय रुग्णालय), एम्स मोकळे राहू द्या. चिठ्ठ्यांचे रंग सोपे आहेत: लाल आत्ता, पिवळा थोड्या वेळाने, हिरवा थांबू शकतो, काळा म्हणजे गेलेला किंवा वाचण्यापलीकडचा. काळी चिठ्ठी बघून आरडाओरडा करू नका. ती लावणाऱ्या डॉक्टरचा तो सर्वांत अवघड निर्णय असतो.

गेटवर काय लागतं? माणसं. स्ट्रेचर ढकलायला, कारण एका पाळीत अटेंडंट असून असून किती असणार. नंबर लिहायला. आत आलेल्या प्रत्येकाच्या मनगटावर क्रमांक बांधला जातो आणि तो शेवटपर्यंत बदलत नाही, ही शिस्त दवाखान्याची. पण त्या क्रमांकासमोर 'पुरुष, अंदाजे तीस, निळा चौकडा शर्ट, उजव्या हातावर गोंदण, अमुक वॉर्ड, नंतर तमुक दवाखान्यात हलवला' हे वहीत उतरवणारा हात कमी पडतो. डॉक्टर जीव वाचवतो, सिस्टर सलाइन लावते, वही कोणी लिहायची? इथे तुमच्या दहा पोरांनी, ज्यांचं अक्षर स्वच्छ आहे अशांनी, समाजसेवा विभागाच्या हाताखाली बसायचं. एकाच माणसाचं नाव पोलिसांच्या कागदावर मराठीत एका प्रकारे, दवाखान्याच्या कागदावर इंग्रजीत दुसऱ्या प्रकारे, आणि घरचे शोधतात 'बबलू' म्हणून. हलवलेला रुग्ण दोन यादींत दोनदा मोजला जातो. मृतांचा आकडा संध्याकाळी वाढतो आणि सकाळी कमी होतो त्याचं कारण बरेचदा हेच. लोक मात्र 'प्रशासन लपवतंय' म्हणतात.

आणि रस्ता मोकळा ठेवायला माणसं लागतात. यात मी थोडं कडू बोलते. पहिल्या सहा तासांत कोणत्याही मोठ्या माणसाने कॅज्युअल्टीत येऊ नये. एका दवाखान्यात भेटीच्या ताफ्यामुळे रुग्णवाहिका गेटबाहेर तिष्ठत राहिलेली मी पाहिली आहे. तुमच्या मंडळाचे संबंध असतात, पुढाऱ्यांशी तुम्ही बोलू शकता. "साहेब, उद्या या, आणि नातेवाईक बसलेत तिकडे या" हे त्यांना सांगणं ही खरी सेवा आहे. मंडळाच्या नावाचे टी-शर्ट आणि बॅनरही त्या दिवशी घरी ठेवा.

नातेवाईक कॅज्युअल्टीच्या दारात नकोत, पण त्यांना हाकलूनही चालत नाही. त्यांच्यासाठी वेगळी, सावलीची, संडास-पाण्याची जागा हवी, दवाखान्यापासून चालत जाता येईल इतकी जवळ. दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनाला लाखोंची गर्दी समता सैनिक दलाचे स्वयंसेवक कशी हाताळतात ते नागपूरकरांनी पाहिलेलं आहे. मोठ्याने न बोलता, हात न लावता माणसांना रांगेत बसवायची ती पद्धत इथे शिकण्यासारखी आहे. मंगल कार्यालयं, समाजभवनं आपल्याकडे भरपूर. मेडिकल आणि मेयोच्या आसपासच्या दोन-तीन सभागृहांच्या ट्रस्टींशी आजच बोलून ठेवा, चावी रात्री दोनला कोणाकडे मिळेल ते लिहून घ्या.

पण हीच जागा मृतदेह ठेवायला कोणी मागितली तर नाही म्हणा. शाळाही देऊ नका. 2 जून 2023 ला ओडिशात बालासोरजवळ रेल्वे अपघात झाला, 290 हून अधिक माणसं गेली. तेव्हा बहानगा गावच्या शाळेत मृतदेह ठेवावे लागले. नंतर मुलं शाळेत पाय टाकेनात. शेवटी ती इमारत पाडावी लागली. त्या गावकऱ्यांनी त्या रात्री डब्यांतून माणसं काढली, रक्ताला रांगा लावल्या, त्यांच्याकडे बोट दाखवायचं कारण नाही. जागा आधी ठरलेली नव्हती, एवढंच. मृतदेहांसाठी शीतगृह लागतं आणि ते प्रशासनानेच ठरवायचं असतं.

ओळख पटवणं हा या सगळ्यातला माझ्या दृष्टीने सर्वांत अवघड भाग, आणि इथे संस्था खरोखर उपयोगी पडतात. चेहरा बघून ओळख पटवण्यावर विसंबू नये. जळालेल्या किंवा चेपलेल्या देहावर शोकात बुडालेला बाप चुकीच्या माणसाला आपला म्हणतो, आणि मग दुसऱ्या घराला कधीच त्यांचा माणूस मिळत नाही. जगभर तीन खुणा मुख्य मानतात: बोटांचे ठसे, दात आणि डीएनए. डीएनएसाठी आई, वडील किंवा मूल यांचा नमुना सर्वांत उपयोगाचा. मेहुणा किंवा सून यांचा नमुना कामाचा नाही. नागपुरात प्रादेशिक न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा आहे, शासकीय दंत महाविद्यालय आहे, म्हणजे साधन जवळ आहे. वेळ मात्र लागतो. अहमदाबादला 12 जून 2025 ला विमान पडलं, विमानातले 241 आणि जमिनीवरचे 19 जण गेले. डीएनए जुळवून देह सोपवायला कित्येक दिवस गेले. सिंदखेडराजाच्या अपघातात तर 24 जणांवर बुलढाण्यात सामूहिक अंत्यसंस्कार झाले.

त्या वेळात कुटुंबाकडून माहिती घ्यायची असते आणि त्याला शांत, मध्यमवयीन बायामाणसं लागतात. घाईचा पोरगा नको. विचारायचं काय? कोणत्या रंगाचे कपडे घालून निघाला. आतले कपडे, चप्पल, पट्टा. अंगठी, मंगळसूत्र, ताईत. जुन्या ऑपरेशनची खूण, हाडात बसवलेली पट्टी, कोणत्या डॉक्टरकडे दात भरले होते. जुना एक्स-रे घरात आहे का. फोटो मागायचा तो हसणारा, दात दिसणारा. लग्नातला गंभीर फोटो इथे फार कामाचा नाही. "कोणत्या नंबरच्या सीटवर होता" हेही विचारा, पण त्यावर भरवसा ठेवू नका. ट्रॅव्हल्सच्या बुकिंगच्या यादीत बुटीबोरीला हात दाखवून चढलेला नसतो, मित्राच्या नावाने तिकीट काढलेला असतो, स्लीपरमध्ये आईजवळ झोपलेलं तीन वर्षांचं लेकरू नसतं. रेल्वेच्या जनरल डब्याची तर यादीच नाही.

आणखी एक. कोणत्याही मंडळाने स्वतःची यादी काढू नये, व्हॉट्सॲपवर तर मुळीच नाही. यादी एकच, जिल्हाधिकाऱ्यांच्या माहिती कक्षाची. मृताचं नाव घरच्यांना माणसाने, समोर बसून सांगायचं असतं. मोबाइलवर आलेल्या फोटोवरून लेकराचं मरण कळलेली आई मी पाहिली आहे. फोटो काढणाऱ्याला त्या क्षणी जागेवरून बाजूला करा, नंतर माफी मागता येईल.

एकटं मूल सापडलं तर "मी याचा काका" म्हणणाऱ्याच्या हातात देऊ नका. 1098 या चाइल्ड हेल्पलाइनला कळवा. 24 तासांच्या आत त्याला बालकल्याण समितीपुढे नेणं कायद्याने बंधनकारक आहे. समिती खातरजमा करून सोपवते. यात भिडस्तपणा चालत नाही.

रक्त. पहिल्या दिवशी रांगा लागतात, मन भरून येतं, पण गणित वेगळं आहे. तांबड्या पेशी पाच-सहा आठवडे टिकतात, प्लेटलेट्स पाच दिवस. आज दिलेल्या माणसाला पुढचे तीन महिने देता येत नाही. भाजलेल्यांच्या, हाडं मोडलेल्यांच्या शस्त्रक्रिया दोन-दोन आठवडे चालतात. म्हणून तुमच्या साठ जणांनी आणि त्यांच्या घरच्यांनी नावं, गट, फोन लिहून द्यायचे आणि रक्तपेढी बोलावेल तेव्हा जायचं. शिबिर तिसऱ्या दिवसापासून, टप्प्याटप्प्याने.

जेवणाचंही तसंच. पहिल्या दुपारी तर्री-पोहे, पुलाव, केळी, पाण्याच्या बाटल्या यांचा ढीग. नागपूरकर या बाबतीत हात आखडत नाहीत. सहाव्या दिवशी मात्र छत्तीसगडहून आलेला म्हातारा रुग्णालयाच्या ओट्यावर उपाशी. गुरुद्वारे, मशिदीचे ट्रस्ट, विहार समित्या, तुमच्यासारखी मंडळं यांनी दिवस वाटून घ्यावेत. पहिला दिवस कोणालाही द्या, दहावा आणि पंधरावा दिवस तुम्ही घ्या.

परगावच्यांचा मुद्दा आलाच आहे तर भाषेचा बघा. छत्तीसगडी, तेलुगू, बंगाली, गोंडी बोलणारी माणसं नागपुरात आहेत, हमाली करतात, दुकानं चालवतात, वसतिगृहांत राहतात. त्यांची नावं फोनसह तुमच्या वहीत असू द्या. संमतीपत्रावर सही घेताना ऑपरेशन काय आहे हे त्या बाईला तिच्या बोलीत सांगणारा कोणी नसला तर तिथे काम अडतं.

मन सावरण्याबद्दल थोडक्यात. "जे झालं ते सगळं सांगा" असा आग्रह धरणारी सत्रं लगेच घेऊ नका, जागतिक आरोग्य संघटनाही त्यांची शिफारस करत नाही. जवळ बसा, पाणी द्या, फोन लावून द्या, पुढे काय होणार ते खरं सांगा. माहीत नसेल तर "विचारून येते" म्हणा. झोप महिनाभर येत नसेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 किंवा प्रादेशिक मनोरुग्णालय. मर्च्युरीत काम केलेल्या तुमच्या पोरांनाही हे लागेल. त्यांना सलग दोन दिवस तिथे ठेवू नका.

कागद हे सर्वांत उशिरा सुरू होणारं आणि सर्वांत लांबणारं काम. पंचनामा, शवविच्छेदन अहवाल, एफआयआरची प्रत, मृत्यू दाखला, वारसाचा दाखला. रेल्वे अपघातात मृत्यू झाला तर दावा न्यायाधिकरणाकडून 8 लाख रुपये भरपाई असते आणि ती रेल्वेमंत्री जाहीर करतात त्या तातडीच्या मदतीपेक्षा वेगळी. अनेक कुटुंबं तातडीची मदत घेऊन समजतात की संपलं. त्या न्यायाधिकरणाचं खंडपीठ नागपुरातच आहे, मुदत एक वर्ष. रस्त्यावरच्या अपघाताचा दावा मोटार अपघात न्यायाधिकरणात, आणि तिथे आता कायद्यात सहा महिन्यांची मुदत लिहिलेली आहे. तेरावं होईपर्यंत थांबा, मग घरी जाऊन जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा वकील फुकट मिळतो हे सांगा. जखमींसाठी मे 2025 पासून रस्ते अपघातात पहिल्या सात दिवसांत दीड लाखापर्यंत कॅशलेस उपचारांची केंद्राची योजना आहे, ती गेटवरच्या वहीपासूनच लक्षात ठेवावी लागते. पोलिसांकडे नोंद नसेल तर तिथे अडतं.

आता तुमचे पैसे. रुग्णवाहिका घेऊ नका. तिला चोवीस तास चालक लागतो, शिकलेला सहायक लागतो, ऑक्सिजन, विमा, टायर लागतात. वर्षभरात ती मंडळाच्या वर्गणीवर बसते आणि मोठ्या अपघाताच्या रात्री चालक गावी गेलेला असतो. त्याऐवजी मृतदेह गावी पोचवायच्या गाडीचं भाडं देणारा निधी ठेवा. गडचिरोली, शिवनी, राजनांदगावकडे जाणाऱ्या गाडीला मध्यरात्री जे भाडं मागतात ते ऐकून माणूस दुसऱ्यांदा कोसळतो. मृतदेह ठेवायच्या दोन शीतपेट्या घ्या, एरवी वस्तीतही लागतात. वीसेक लोकांना आपदा मित्र या स्वयंसेवकांसाठीच्या सरकारी योजनेचं बारा दिवसांचं प्रशिक्षण मिळावं म्हणून जिल्हाधिकारी कार्यालयाच्या आपत्ती व्यवस्थापन कक्षाला पत्र द्या. पत्रात "आम्ही सर्व प्रकारची मदत करू" असं लिहू नका, असली पत्रं फायलीत पडून राहतात. लिहा: मेडिकलच्या गेटवर नोंदीसाठी दहा जण, रात्री-दिवस दोन पाळ्या, हे तीन फोन नंबर. कक्षाकडून पोच घ्या आणि दर सहा महिन्यांनी नंबर चालू आहेत का ते त्यांना कळवत जा.